पेनी कधी पडते?

पुण्याच्या कंपनीत नुकताच लागलेला माझा एक जुना विद्यार्थी रविवारी घरी आला होता. सोलापुरात मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. नोकरीला लागलेली मुलं सुट्टीला आली की पेढे घेऊन येतात आणि बरोबर एखादी तक्रारही. याची तक्रार अशी होती की, लंडनच्या माणसाबरोबर कॉल चालू असताना याने एकच गोष्ट तीनदा समजावून सांगितली, पण पलीकडे नुसती शांतता. मग तो एकदम हसला आणि म्हणाला, "आह, द पेनी हॅज ड्रॉप्ट!" आमच्या बहाद्दराने टेबलाखाली मोबाइल धरून गुपचूप बँकेचे मेसेज तपासले. कारण त्याच आठवड्यात म्युच्युअल फंडाचं खातं उघडताना त्याच्या बँकखात्यात एक रुपया आला होता आणि अ‍ॅपवर ‘पेनी ड्रॉप यशस्वी’ असं झळकलं होतं.

"मला वाटलं, त्यानंच रुपया टाकला की काय, मॅडम."

हसायचं कारण नाही. पेनी ड्रॉप हा शब्द त्याने पहिल्यांदा जिथे ऐकला, तिथे त्याचा अर्थ खरोखर तोच होता. खातं चालू आहे ना, नाव जुळतं ना, हे पाहण्यासाठी खात्यात एखादा रुपया टाकून बघतात, त्याला पेनी ड्रॉप म्हणतात. लंडनवाल्याची पेनी मात्र वेगळी. त्याला म्हणायचं होतं, "हां, आत्ता शिरलं डोक्यात!" तीन शब्दांचा हा वाक्प्रचार पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांनी तो पाठ करू नये, हातात घेऊन वापरून बघावा. कसा, ते सांगते.

पहिली पायरी: पेनी हातात घ्या

पेनी म्हणजे ब्रिटिश चलनातलं छोटं नाणं. आज एका पौंडाच्या शंभर पेनी होतात, पण हा वाक्प्रचार जुन्या पेनीचा आहे. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत तिकडे एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगच्या बारा पेनी, म्हणजे पौंडाला २४० पेनी असा हिशोब होता. आपल्या आजोबांना हे सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटणार नाही. १९५७ पर्यंत आपल्याकडेही रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्याच. ते आणे गेले, तरी ‘सोळा आणे खरं’ आपल्या तोंडात अजून आहे. तसंच तिकडे जुनी पेनी गेली, पण तिचं पडणं राहिलं.

ही जुनी पेनी चांगली ऐसपैस होती, ब्राँझची, ३१ मिलिमीटर रुंद आणि नऊ ग्रॅमच्या वर वजनाची. पडली की आवाज करणारी. हा आवाज लक्षात ठेवा.

दुसरी पायरी: नाणं आणि आवाज यांच्यामधली फट

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं गुपित इथेच आहे.

१८८० च्या दशकात लंडनच्या स्टेशनांवर नाणं टाकून चालणारी यंत्रं दिसू लागली. पर्सिव्हल एव्हरिट नावाच्या माणसाचं पोस्टकार्ड विकणारं यंत्र त्यातलं सुरुवातीचं. पुढे चॉकलेटची, तिकिटांची, वजन करायची अशी कितीतरी यंत्रं आली. फटीत पेनी टाकायची, ती आत घरंगळत जाऊन खालच्या पट्टीवर पडली की यंत्र चालू. पण कधी पेनी मध्येच अडकायची. मग माणूस पुढे उभा, हात खिशात, यंत्र ढिम्म. एखादी थाप मारावी, थोडं हलवावं, की खट्! पेनी पडली आणि माल बाहेर आला. हा वाक्प्रचार याच यंत्रांवरून आला असं कोशकार मानतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्याचा १९३९ चा एका वृत्तपत्रातला दाखला दिलेला आहे.

(यंत्राची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरोने देवळासाठी असंच एक यंत्र रचलं होतं. नाणं तरफेवर पडायचं, झडप उघडायची आणि नाणं घसरून जाईपर्यंत तीर्थ मिळायचं.)

आता लंडन सोडा आणि आपल्या रेल्वे स्टेशनवर या. माझ्या लहानपणी फलाटावर वजनाचं उंच यंत्र असायचं. रंगीत दिवे चमकायचे आणि काचेमागे लाल-पांढरी चकती गरगर फिरायची. आपण वर चढायचं, चकती थांबेपर्यंत दम धरायचा, मग नाणं टाकायचं. काही क्षण काहीच घडायचं नाही. आई खालून म्हणायची, "गेला रुपया!" आणि मग आतून खटखट आवाज होऊन जाड तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य नेहमी चांगलंच असायचं, वजनाबद्दल तसं सांगता येत नाही.

तर ते काही क्षण! नाणं आत गेलेलं आहे, तिकीट अजून आलेलं नाही. पेनीचा सगळा अर्थ या मधल्या वेळात आहे. माहिती तुमच्याकडे आधीच पोचलेली असते, कुणीतरी सांगितलेलं असतं किंवा डोळ्यांसमोर दिसत असतं, पण उमगलेलं नसतं. मग कशाने तरी धक्का बसतो आणि अर्थ आत पडतो. त्या क्षणाला इंग्रज म्हणतो, द पेनी ड्रॉप्ट. नाणं टाकलंच नसेल तर पडणार काय? म्हणून एखादी गोष्ट आजच पहिल्यांदा कळली आणि लगेच समजली, तर तिथे हा वाक्प्रचार चालत नाही. मुलांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. "टीचरने नवा नियम सांगितला आणि पेनी पडली," असं वाक्य वहीत आलं की मी कडेला लिहिते: फट कुठाय?

तिसरी पायरी: आपल्या मराठीत कुठे बसतं ते बघा

कोशात ‘लक्षात येणे’ असा अर्थ मिळेल. तो चुकीचा नाही, पण फिका आहे. ‘उमगणे’ जास्त खोल आहे, ‘उलगडा होणे’ला कोडं लागतं, आणि ‘डोळे उघडणे’ यात फसवणूक किंवा पश्चात्ताप डोकावतो. ‘साक्षात्कार’ तर देवाधर्माचा, तो आपण चेष्टेत उसना घेतो. माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द आपल्या बोलण्यातच आहे: ट्यूब पेटली.

याचं कारणही तेच, ती फट. जुनी ट्यूबलाइट बटण दाबल्याबरोबर लागत नसे. आधी स्टार्टर फडफडायचा, टोकं लाल व्हायची, उन्हाळ्यात व्होल्टेज कमी असलं तर सगळं घर वर मान करून बघत बसायचं, मग एकदाची ती लागायची. म्हणूनच उशिरा समजणाऱ्या मित्राला आपण ‘ट्यूबलाइट’ म्हणतो. हल्लीच्या एलईडी ट्यूबा लगेच लागतात, त्यामुळे वर्गातल्या लहान मुलांना ही उपमा समजावूनच सांगावी लागते. म्हणजे तिथेही जुन्या पेनीसारखंच झालं म्हणायचं.

आता सोलापूरचंच उदाहरण घेऊ. बदली होऊन इथे नव्याने आलेला एखादा अधिकारी असतो, हिंदी चांगलं येतं, मराठी जुजबी. जानेवारी लागतो. ऑफिसातला शिपाई म्हणतो, "साहेब, यंदा गड्ड्याला जायचं ना?" भाजीवाली म्हणते, गड्डा आला. शेजारची पोरं गड्ड्याच्या नावाने पैसे साठवतात. साहेबांना वाटतं, महापालिकेने रस्त्यात कुठेतरी मोठा खड्डा खणलाय आणि अख्खं गाव तो बघायला निघालंय. संक्रांतीच्या सुमाराला रस्त्यावरून उंचच्या उंच नंदीध्वजांची मिरवणूक जाते, गर्दी सिद्धेश्वराच्या देवळाकडे लोटते, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं दिसतात, आणि साहेबांच्या डोक्यात खट् होतं. गड्डा म्हणजे ही जत्रा! गेले पंधरा दिवस सगळे हेच तर सांगत होते.

इंग्रजीत सांगायचं तर: "एव्हरीवन केप्ट टॉकिंग अबाउट द गड्डा. ओन्ली व्हेन आय सॉ द फेअर डिड द पेनी ड्रॉप." यात नाणं पंधरा दिवसांपूर्वीच आत गेलंय, म्हणून उदाहरण चपखल बसतं.

‘बे’चंही तसंच. बाहेरून आलेला माणूस पहिल्या दिवशी "काय बे" ऐकून चिडतो, आठवड्याने त्याला कळतं की ज्याला परका मानलं त्याला कुणी बे म्हणतच नाही.

चौथी पायरी: वाक्यात नीट बसवा

आधी उच्चार. लिहिताना शेवटी ‘एड’ दिसतं म्हणून मुलं ‘ड्रॉपेड’ म्हणतात. तसं नाही. ‘ड्रॉप्ट’, शेवटी हलका ट. आणि ‘द’ गिळू नका.

त्या ‘द’वर माझा विशेष राग-लोभ आहे. मराठीत आपण ‘माझी ट्यूब पेटली’ म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतही ‘माय पेनी ड्रॉप्ट’ येतं. इंग्रज असं म्हणत नाही. पेनी कुणाचीच नसते, ती फक्त ‘द पेनी’. कुणाच्या डोक्यात पडली हे सांगायचंच असेल तर पुढे ‘फॉर’ लावा: "द पेनी ड्रॉप्ट फॉर मी इन द थर्ड वीक." एकाच वेळी दहा जणांना समजलं तरी पेनी एकच पडते, अनेकवचन नाही. ‘फेल’ही नाही. पडणे म्हणजे ‘फॉल’ हे आपल्याला शाळेत पाठ असतं, पण इथे ‘ड्रॉप’च.

काळाचं म्हणाल तर तीन रूपं आली की काम भागतं. गोष्ट सांगताना ‘देन द पेनी ड्रॉप्ट’. अजून समजलं नसेल तर ‘द पेनी हॅजन्ट ड्रॉप्ट यट’. आणि उशीर झाला हेच सांगायचं असेल तर ‘इट टुक अ व्हाइल फॉर द पेनी टु ड्रॉप’. शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात ती फट उघड बोलून दाखवलेली असते. ‘फायनली’ किंवा ‘सडनली’ यांपैकी एखादा शब्द जोडीला आला तर वाक्य सहज वाटतं. दोन्ही एकत्र घालू नका.

नेमकं काय समजलं, ते पुढच्या वाक्यात स्वतंत्र सांगा. "द पेनी ड्रॉप्ट. ही वॉज द ओनर." नव्या माणसासाठी हे सोपं आणि ऐकायलाही झकास.

पाचवी पायरी: कुणापुढे, कुणाबद्दल

हा वाक्प्रचार अर्धवट हसत बोलायचा आहे. स्वतःबद्दल म्हटलं तर तुम्ही मोकळे वाटता. आपल्याला उशिरा समजलं हे आपणच कबूल केलं की समोरचा सैल होतो. त्या लंडनच्या माणसाने तेच केलं होतं. त्याने स्वतःची थट्टा केली, आमच्या पोराची नाही. पण दुसऱ्याला "हॅज द पेनी ड्रॉप्ट?" असं विचारणं म्हणजे "ट्यूब पेटली का?" असं विचारणं. मित्राला चालेल. साहेबांना, ग्राहकाला, सासरेबुवांना नाही. मुलाखतीत तर अजिबात नाही. अर्जात, अहवालात, तक्रारीच्या पत्रातही तो नको, तिथे साधं ‘आय रिअलाइज्ड’ बरं.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकं सहसा सांगत नाहीत. विषय गंभीर असेल तर पेनी खुळखुळते. पुण्याला जायला आपण हुतात्मा एक्स्प्रेस पकडतो. कित्येक जण वर्षानुवर्षं पकडतात, नावाचा विचार न करता. मग एखाद्या दिवशी शहरातल्या चार पुतळ्यांपाशी सिग्नलला आपण थांबतो, नावं वाचली जातात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. गाडीचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतं. फट आहे, नाणं आधीच आत आहे, नियमाने सगळं बरोबर आहे. तरी इथे मी ‘द पेनी ड्रॉप्ट’ म्हणणार नाही. इथे ‘इट डॉन्ड ऑन मी’. डॉन म्हणजे पहाट, आपल्या ‘उजाडलं’च्या जवळचं. ते खट्कन होत नाही, हळूहळू होतं, आणि त्यात हसू नाही.

सहावी पायरी: सारख्या दिसणाऱ्यांपासून जपा

‘अ पेनी फॉर युअर थॉट्स’ म्हणजे गप्प बसलेल्याला "कसल्या विचारात आहेस?" ‘पेनी वाइज, पाउंड फूलिश’ म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. ‘बॅड पेनी’ म्हणजे नकोसा माणूस, जो पुन्हा पुन्हा दारात येतो. यांचा समजण्याशी संबंध नाही. घोटाळा होतो तो ‘वेटिंग फॉर द अदर शू टु ड्रॉप’शी. तिथे पडतो तो बूट, आणि वाट बघायची असते ती पुढच्या वाईट बातमीची.

अमेरिकेतले लोक पेनी समजून घेतात, पण स्वतः बहुधा ‘इट क्लिक्ड’ म्हणतात किंवा ‘लाइटबल्ब मोमेंट’. युरोपात मात्र नाणी सगळीकडे पडतात: जर्मन माणसाचा ग्रोशेन, डच माणसाचं पाव गिल्डरचं नाणं, स्वीडिश माणसाचं टोकन.

सातवी पायरी: एक वही आणि तुमची स्वतःची फट

वाक्प्रचारांची यादी पाठ करू नका, निम्मी आठवड्यात विसरते. त्यापेक्षा आज रात्री एक पान घ्या आणि त्यावर अशी एकच घटना मराठीत लिहा, जिथे तुम्हाला बघून, ऐकून माहीत असलेली गोष्ट खूप उशिरा समजली. मराठीतच आधी लिहा. घटनेच्या डावीकडे ‘नाणं कधी टाकलं’ आणि उजवीकडे ‘कधी पडलं’ असं नोंदवा. मध्ये दिवस, महिने, वर्षं, जे काही असेल ते. मधली जागा रिकामी निघाली, तर घटना बदला. जागा भरली, तर तिचं इंग्रजी करा, दोन-तीन छोट्या वाक्यांत, पेनी शेवटून दुसऱ्या वाक्यात ठेवून. मग मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ‘ड्रॉपेड’ ऐकू आलं तर पुन्हा.

मागच्या तुकडीत सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी होती. घरी तेलुगू, शाळा मराठी, कॉलेजात इंग्रजी. वडील मागावर, चादरी विणणारे. तिच्या पानावर डावीकडे लिहिलं होतं, ‘वय पाच’, उजवीकडे, ‘वय अठरा’. लहानपणापासून ती मागाच्या वर टांगलेली भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ बघत आली होती. तिला वाटायचं, ती यंत्राची शोभा आहे. कॉलेजात सरांनी जुन्या संगणकांच्या पंचकार्डांबद्दल सांगताना १८०४ च्या जकार्डच्या मागाचा उल्लेख केला. भोक असेल तिथे सुई आत जाते, दोरा उचलला जातो. भोक नसेल तर नाही. हो किंवा नाही, तेवढंच. त्याच्यातून चादरीवर मोर उमटतो. तिने हात वर करून सरांना काही विचारलं नाही, घरी गेली आणि रात्री वडिलांना माग थांबवायला लावून पुठ्ठा हातात घेऊन बघितला.

तिची वाक्यं अशी होती: "आय सॉ दोज कार्ड्स एव्हरी डे फॉर थर्टीन इयर्स. इन द कम्प्युटर क्लास माय पेनी ड्रॉप्ट. माय फादर इज अ प्रोग्रॅमर."

मी फक्त ‘माय पेनी’मधल्या ‘माय’वर काट मारली आणि वर ‘द’ लिहिलं. ‘माय फादर’मधल्या ‘माय’ला हात लावला नाही.